इतिहास घेऊन पुढे काय?

दिवाळी आणि एनसीईएच्या परीक्षा एकत्रच येतात. तेराव्या इयत्तेतलं मूल म्हणतं, "मला इतिहास घ्यायचाय," आणि आपण विचारतो, "पुढे काय?" पालकहो, त्याआधी एक गोष्ट ऐका.

१८६१ साली ओटागोत सोनं सापडल्याचं श्रेय आणि बक्षीस गेब्रिएल रीडला मिळालं. पण त्याच भागात त्याच्याआधी मुंबईकडून आलेल्या एडवर्ड पीटर्सला सोनं सापडलं होतं. लोक त्याला 'ब्लॅक पीटर' म्हणत.

आधी कोणाला सापडलं, हे इतिहास कागदपत्रांतून शोधतो. नावाला रंग का चिकटला आणि माणूस मागे का पडला, हे वांशिक अभ्यास विचारतो. एकाशिवाय दुसरं अपुरं. ऑकलंड विद्यापीठात बीएला इतिहासाबरोबर माओरी किंवा पॅसिफिक अभ्यास हा दुसरा मुख्य विषय घेता येतो. पुढे संग्रहालयं, सरकारी खाती, शाळा आहेत. २०२३पासून शाळांत या देशाचा इतिहास शिकवणं सक्तीचं झालं.

मुलांनो, आईबाबांची इथली पहिली दिवाळी कशी होती, ते यंदा विचारून लिहून ठेवा. आपण नाही लिहिलं, तर आपलीही गोष्ट पीटर्ससारखी मागे पडेल.