ड्रॅगनचं आजोळ

माझा भाचा अकरावीत आहे आणि सध्या 'स्कायरिम' खेळतोय. हा खेळ २०११ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा मी बीईच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सबमिशनच्या फायली अर्धवट टाकून रात्र रात्र खेळायचो. त्यामुळे या एका विषयात घरात मला मान आहे. (खेळाच्या खोक्यावर वयाची काय अट छापली आहे, ते ताईने अजून वाचलेलं नाही. तिच्यापर्यंत हा अंक पोचवू नका.)

दिवाळीत त्याने विचारलं, "मामा, हे ड्रॅगन मुळात आले कुठून?"

मग काय विचारता! 'एल्डर स्क्रोल्स' ही मालिका १९९४ पासून चालू आहे. तिच्या जगात पूर्वेला समुद्रापार अकाविर नावाचा खंड आहे आणि त्या नावाचा अर्थच ड्रॅगनभूमी. गंमत अशी की इतक्या वर्षांत एकही खेळ तिथे घडलेला नाही. अकाविरबद्दल आपण फक्त पुस्तकांत वाचतो, पात्रांच्या तोंडून ऐकतो. तिथल्या चार राज्यांची नावं मी न अडखळता सांगितली.

ताई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ड्रॅगनचं गाव पाठ आहे मामाला. आता आपलं आजोळ कुठे, ते सांग म्हणावं ह्याला."

भाच्याने बेज्जूर हे नाव ऐकलं होतं, पण ते महाराष्ट्रात की तेलंगणात हे त्याला सांगता येईना. दोष त्याचा नाही. तो तिथे शेवटचा गेला तेव्हा दोन वर्षांचा होता. आणि मी तरी काय, आजी गेल्यापासून फिरकलो नव्हतो. लहानपणी बेज्जूर म्हणजे मला शिक्षाच वाटायची. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आठवडी बाजाराला आसपासच्या पाड्यांवरून येणाऱ्या माणसांची गोंडी, आणि दुपारी वीज नाही. व्हिडिओ गेम तर सोडाच.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या मामांचा फोन आला. गिऱ्हाईक आलंय, घर विकायचं म्हणतोय, कोणाला काही न्यायचं असेल तर येऊन जा. डिसेंबरात मी आणि भाचा निघालो. सिरपूर कागजनगरपर्यंत रेल्वे, पुढे रस्ता. गाडीत त्याचा फोन चार्ज नव्हता, म्हणून मी त्याला खरी गोष्ट सांगायला घेतली. ती मलाही कॉलेज संपल्यावर कळली होती.

बेज्जूरच्या पूर्वेला प्राणहिता वाहते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली ही नदी खाली सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. अलीकडचा काठ तेलंगणाचा, पलीकडचा गडचिरोलीचा. त्या काठावर, सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचं गाव आहे. त्या गावावरून इथल्या एका खडकाच्या थराला 'कोटा' हेच नाव पडलं. हा थर ज्युरासिक काळातला, साधारण अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हिमालय नव्हता. भारत दक्षिणेकडच्या एका अवाढव्य खंडाला चिकटलेला होता आणि इथे नद्या, तळी नि त्यांच्या काठाने फिरणारी जनावरं होती.

१९६० च्या सुमारास याच तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ हाडं सापडली. खोदायला आली ती कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसा, हा प्रश्न भाच्याने बरोबर विचारला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना सगळ्याच गोष्टींत रस होता. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावून संस्थेत भूशास्त्राचा विभागच उभा केला. पोचमपल्लीला निदान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडं निघाली. त्यात मांडीचं एक हाड १.७ मीटर लांब, म्हणजे जवळजवळ भाच्याच्या उंचीचं. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष. बंगालीत 'बडो' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय. असं करत १९७५ साली नाव ठरलं बारापासॉरस टागोराय. विदर्भातल्या जनावराला बंगाली पाय आणि बंगाली कवी! आपल्याकडच्या कुणी बारसं केलं असतं तर निदान एखादा 'लंबूटांग्या' तरी झाला असता.

दुसरा आपल्या काठावरचा. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किमान बारा प्राण्यांची हाडं मिळाली. त्याचं १९८८ साली कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस असं नामकरण झालं. हैदराबादच्या बिर्ला सायन्स सेंटरमध्ये जो भलामोठा सांगाडा उभा आहे, तो हाच.

"तो? तो आम्ही सहलीला पाहिलाय. त्याच्यासमोर फोटो आहे माझा."

"मग तो तुझ्या आईच्या आजोळचा."

यावर तो पाच मिनिटं गप्प होता, ही माझी त्या प्रवासातली सगळ्यात मोठी कमाई.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. या दोघांपैकी एकाचीही कवटी सापडलेली नाही, फक्त दात मिळाले. अशा लांब मानेच्या प्राण्यांची कवटी लहान आणि मानेला नाजूक जोडलेली असते. जनावर मेलं की आधी तीच निसटते आणि पाण्याबरोबर जाते. म्हणजे सांगाड्यावर आपण पाहतो ते डोकं माणसांनी अंदाजाने घडवलेलं. आणि पंख? कोटाच्याच खडकातून मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यांना १९७४ साली उडणारा सरीसृप म्हणून नाव दिलं गेलं, पण पुढच्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. म्हणजे आमच्या ड्रॅगनला डोकं नाही आणि पंखांचा वाद. अकाविरमध्ये असं काही अडत नाही. लिहिणाऱ्याने लिहिलं की झालं.

'स्कायरिम'मध्ये ड्रॅगन टेकाडांखाली पुरलेले असतात आणि अल्डुइन येऊन एकेकाला उठवतो. इथे ते काम हातोडी, ब्रश आणि प्लास्टर घेतलेल्या माणसांनी केलं. आणि ज्या अवाढव्य खंडाचा मी वर उल्लेख केला, त्याचं नाव गोंडवन. इथल्या जुन्या खडकांना मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने १८७२ मध्ये गोंडांच्या मुलखावरून ते नाव दिलं. पुढे ते अख्ख्या खंडाला लागलं. आज ब्राझीलपासून अंटार्क्टिकापर्यंतचे खडक अभ्यासणारा माणूस हा शब्द वापरतो. आमच्या आठवडी बाजारात बिबे नि चारोळी घेऊन बसणाऱ्या माणसांचा तो शब्द.

बेज्जूरला पोचलो तेव्हा मोठ्या मामांनी माळ्यावरचं सामान अंगणात मांडून ठेवलं होतं. पितळी डबे, आजोबांची तराजूची पारडी, आईच्या शाळेची पाटी. भाचा त्यातलं काही न उचलता मामांना विचारू लागला, "आजोबा, इथे मोठी हाडं सापडतात का हो?"

"हाडं काहून पाहून राहिला बे?" मामा म्हणाले. "जिवंत पाय ना. उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आम्हाला जीपने जंगलात नेलं. पेद्दवागूच्या काठावर पालरापूचा उभा कडा आहे. पेद्दवागू म्हणजे तेलुगूत मोठा ओढा. पलीकडून पाहिलं तर कपारींखाली चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसतात. २०१३ मध्ये या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असल्याचं वन विभागाच्या लक्षात आलं. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्या वर भरणारा हा पक्षी. मामांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलावर त्यांचा थवा उतरायचा आणि पोरं दगड मारायची. मग नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. कारण कुणालाच कळेना. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक, त्या गुराचं मढं खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते, हे शोधायला बराच वेळ गेला. तोवर देशातली शंभरातली नव्वदहून जास्त संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, त्यामुळे भरपाई फार सावकाश होते.

दोन तास काही दिसलं नाही. एक मोठा पक्षी आला तर सोबतचा वनरक्षक म्हणाला, तो गरुड. भाचा फोन काढेल अशी मी वाट पाहत होतो, पण त्याने काढला नाही. नऊच्या सुमारास ऊन कड्यावर आलं आणि एका कपारीतून काहीतरी नुसतं पुढे झुकलं, पडल्यासारखं खाली आलं आणि पंख न हलवता वर चढत गेलं. मग दुसरं. मामांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांनी ती का काढली, ते मी विचारलं नाही.

"घरट्यात अंडी असतील का आता?" भाच्याने विचारलं. वनरक्षक म्हणाला, हाच हंगाम आहे, पिल्लं उडायला लागतील ती उन्हाळ्यात.

परत येताना आम्ही आजोबांची पारडी तेवढी घेतली. गेल्या रविवारी भाच्याने मामांना परस्पर फोन केला, घर मेपर्यंत ठेवाल का, मला पिल्लं पाहायची आहेत. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, असं तो सांगतो. मग म्हणाले, गिऱ्हाईकाला थांबवतो, पण मे महिन्यात इथे काय ऊन तापते ते तुझ्या मामाला विचार, आणि कूलर तुमचा तुम्ही आणा.