आधी मेली ती कुणाची?

जानेवारी 2021 मध्ये लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत बर्ड फ्लू निघाला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जायचे, अहवाल यायचा, मग एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरायच्या. मारलेल्या पक्ष्याला तेव्हा भरपाई : आठ आठवड्यांवरची अंड्याची कोंबडी 90 रुपये, सहा आठवड्यांवरचा ब्रॉयलर 70. अहवालाआधी खुराड्यात मेली तिला मात्र शून्य. रोग तोच, खड्डाही बहुतेक तोच!

मी लातूर जिल्ह्यातच परसात कोंबड्या पाळते. आमच्याकडच्या बायका काय करतात, सांगू? एखादी मान टाकायला लागली की तिला कापून शिजवतात, नाहीतर बाजार दाखवतात. डॉक्टरला कळवून मिळायचं काय? यात लबाडी कमी, हिशेब जास्त. आणि धोका कापणाऱ्या हातांनाच.

2022 च्या गुरांच्या लम्पी साथीत सरकारने मेलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार दिलेच ना? मग कोंबडीनेच काय घोडं मारलं? आजाराची खबर दिली, त्या दिवसापासून मेलेला प्रत्येक पक्षी भरपाईत धरा. पशुसंवर्धन खात्याने एवढा एक नियम बदलावा.