जमिनीचा मागील हिशेब

व्यापारी घरात वही एका पानावरून पारखली जात नाही. आजची शिल्लक कितीही चांगली दिसली, तरी मागील वर्षांची पाने उलटल्याखेरीज नव्या माणसाला उधारी दिली जात नाही. जमीन घेताना मात्र हीच सावधगिरी पुष्कळदा सुटते. सातबारा पाहिला जातो, फेरफार तपासले जातात, रस्त्याची रुंदी आणि बाजार समितीचे अंतर यांची चौकशी होते; पण ती जमीन वीस-तीस वर्षांपूर्वी कशी होती, हे क्वचितच कोणी विचारतो. वैशाखात पाहिलेला कोरडा, सपाट भूखंड एखाद्या बुजवलेल्या ओढ्यावर असू शकतो. गोदाम उभे राहते, माल भरला जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधत आत शिरते.

ही मागील पाने आता घरबसल्या उलटता येतात. अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सोडला. तेव्हापासून या मालिकेतील उपग्रह पृथ्वीची चित्रे घेत आले आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना विनामूल्य मिळू लागली. मुख्यतः त्यांच्याच आधारे ‘गूगल अर्थ टाइमलॅप्स’ हा नकाशा २०१३ साली लोकांपुढे आला. त्यात १९८४ पासूनचे एकेक वर्ष क्रमाने सरकत जाते. नवी मुंबईतील उलव्याचा परिसर त्यात पाहिला, तर विमानतळासाठी टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि पाणथळ जागेवर भराव पडला, हे सारे काही क्षणांत डोळ्यांपुढून जाते.

एका वर्षाच्या चित्रात न कळणारी हानी वर्षांच्या रांगेत कशी उघड होते, याचे ठळक उदाहरण मध्य आशियातील अराल समुद्राचे आहे. १९६०च्या सुमारास जगातील चौथ्या क्रमांकाचे असलेले हे सरोवर, कापसाच्या शेतीसाठी अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी वळवल्यामुळे आटत गेले. नकाशावर त्याचे तुकडे होताना दिसतात. तसेच २००५ साली कोक-अराल बांध पूर्ण झाल्यानंतर उत्तरेकडील भागात पाणी पुन्हा वाढल्याचेही दिसते.

पाण्याचा असाच हिशेब युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने साऱ्या जगासाठी मांडला आहे. त्यांच्या नकाशात कोठे पाणी कायम असते, कोठे हंगामी असते आणि कोठून नाहीसे झाले, हे निरनिराळ्या रंगांनी दाखवले आहे. १९८४ ते २०१५ या काळात सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रावरील कायमचे पाणी नाहीसे झाले आणि सुमारे १,८४,००० चौरस किलोमीटर क्षेत्रावर, मुख्यतः धरणांमुळे, नवे पाणी साठले, असे त्यातून आढळले.

तथापि या नकाशांची मर्यादाही व्यापाऱ्याच्या नजरेने ओळखली पाहिजे. लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका ३० मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळजवळ नऊ गुंठे. दोन गुंठ्यांचा भूखंड त्यात वेगळा दिसणारच नाही. तेवढ्यासाठी गूगल अर्थमधील तारीखवार जुनी चित्रे पाहावीत. अनेक ठिकाणी ती अधिक बारकाईची असतात आणि त्यांत ओढ्याची वळणे, विहीर, भरावाची माती हेही ओळखू येते. पाहताना एकाच ऋतूतील चित्रे शेजारी ठेवावीत. आश्विनातील हिरवे शिवार आणि चैत्रातील उजाड माळ यांची तुलना केल्यास भलताच निष्कर्ष निघतो.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. पावसाळ्यात ढगांमुळे अशा उपग्रहांना जमीन दिसत नाही आणि वर्षाचे एक स्वच्छ चित्र तयार करताना ढगाळ दिवस गाळले जातात. त्यामुळे चार दिवस राहून ओसरलेला पूर या नकाशावर उमटेलच असे नाही. सांगलीच्या बाजारपेठेने २००५, २०१९ आणि २०२१ साली पुराचे पाणी पाहिले. वर्षाच्या चित्रात तेथे केवळ इमारती दिसतात. म्हणून नकाशात पाणी दिसले नाही, एवढ्यावरून जागा सुरक्षित ठरत नाही. तेथे पाटबंधारे विभागाने आखलेली पूररेषा पाहावी लागते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरही काही पुरांचे नकाशे पाहावयास मिळतात. त्यांसाठी ढगांपलीकडे पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांचाही उपयोग केला जातो.

मालकी आणि हद्द ठरवण्याचे काम सातबारा व मोजणीचेच आहे. नकाशा उत्तरापेक्षा प्रश्न अधिक देतो आणि तो प्रश्न विसार देण्यापूर्वी हाती आला, तरच त्याचा उपयोग. हे काम एकट्याने करण्याचेही नाही. घरातील तरुणाने नकाशा मागे सरकवावा आणि वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. १९९०च्या चित्रातील काळसर रेघ तरुणाला निरर्थक वाटेल. आजोबा मात्र त्या ओढ्याचे नाव सांगतील आणि कोणत्या साली त्याचे पाणी रस्त्यावर आले होते, तेही सांगतील.

जमीन विकणाऱ्याच्या बाजूनेही हा विचार व्हावयास हवा. भराव घालून पाडलेल्या भूखंडाचा इतिहास पूर्वी गावातील चार जुन्या माणसांपाशी राहत असे. आता तो गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आहे. आपण होऊन सांगितलेली उणीव फार तर भावात थोडी तूट आणते. खरेदीखतानंतर गिऱ्हाइकाने स्वतः शोधून काढलेली उणीव पेढीची पत नेते, आणि ती पत उभी करावयास दोन पिढ्या लागलेल्या असतात.