नभोवाणी लोकांची, थैली सरकारची

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला बीड जिल्ह्यात हिंसक वळण लागले. माजलगाव आणि बीड येथे लोकप्रतिनिधींची घरे व पक्षांची कार्यालये जाळण्यात आली, संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेट सेवाही बंद ठेवण्यात आली. अशा वेळी घरात अडकलेल्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात : काय घडले हे नेमके कळावे आणि उद्या घराबाहेर पडता येईल की नाही हे समजावे. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी येते, दूरचित्रवाहिन्या त्याच ज्वाळा पुन:पुन्हा दाखवतात आणि इंटरनेट थांबले की मोबाइलवरचे निरोपही थांबतात. उरतो तो रेडिओ. बीड शहरात आकाशवाणीचे स्वत:चे केंद्र आहे. म्हणूनच या नभोवाणीचा खर्च कोण करतो, तिचे अधिकारी कोण नेमतो आणि ती चुकली तर तिला जाब कोण विचारतो, हे प्रश्न केवळ दिल्लीतील तज्ज्ञांचे नसून आपले आहेत.

राज्यकर्त्यांच्या मालकीची नभोवाणी मराठवाड्याला नवी नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या मालकीची पाच नभोवाणी केंद्रे होती. त्यांपैकी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन निजामाच्या राज्यातील होती. ब्रिटिश हिंदुस्थानात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईला एका खाजगी कंपनीने प्रसारण सुरू केले. अवघ्या तीन वर्षांत ती कंपनी बुडाली आणि सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले. स्वातंत्र्यानंतरही आकाशवाणी हे सरकारचे एक खाते म्हणूनच राहिले. १९६६ साली चंदा समितीने ती स्वायत्त करावी असे सुचविले, पण ते ऐकले गेले नाही. १९७५ च्या आणीबाणीत त्याची किंमत देशाला कळली. त्यानंतर आलेल्या जनता सरकारने पत्रकार बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९७८ मध्ये तिने ‘आकाश भारती’ नावाचा स्वतंत्र न्यास सुचविला. तोही कागदावरच राहिला.

अखेर १९९० मध्ये संसदेने प्रसार भारती कायदा संमत केला, मात्र तो अमलात यायला सात वर्षे लागली. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनहितासाठी व्हायला हवा, असे त्या निर्णयाचे सार होते. तो देणाऱ्या पीठात महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. १५ सप्टेंबर १९९७ रोजी कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला प्रसार भारती महामंडळ अस्तित्वात आले. अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन पुढच्याच काळात, १९९८-९९ मध्ये, केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री होते. म्हणजे या कथेत बीडचा माणूस सत्तेच्या बाजूलाही होता आणि श्रोत्यांच्या बाजूला तर आपण सारेच आहोत.

कायद्याचे शब्द सुंदर आहेत. नागरिकांना मुक्त, सत्य व निष्पक्ष माहिती मिळण्याचा हक्क जपणे, शेती, आरोग्य, शिक्षण व ग्रामविकास यांकडे विशेष लक्ष देणे, तसेच श्रमिक, स्त्रिया, आदिवासी आणि अल्पसंख्याक यांच्या हिताची काळजी घेणे ही महामंडळाची कर्तव्ये म्हणून नोंदलेली आहेत. मग अडते कोठे?

पहिली अडचण पैशाची. ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल, की एकेकाळी रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरावे लागे. १९८० च्या दशकात ते रद्द झाले. गरिबाच्या खिशाला दिलासा मिळाला हे खरे, पण त्याबरोबर श्रोता आणि नभोवाणी यांच्यातला थेट आर्थिक धागाही तुटला. आज प्रसार भारतीला जाहिरातींतून आणि ‘डीडी फ्री डिश’वरील वाहिन्यांच्या जागांच्या लिलावातून उत्पन्न मिळते. तरीही मुख्य भार केंद्र सरकारच्या अनुदानावर आहे. हे अनुदान अलीकडे दरवर्षी अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक असते आणि त्यातील फार मोठा वाटा वेतनावर खर्च होतो. शिवाय कायद्यातील दुरुस्तीनुसार ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत नेमलेले कर्मचारी हे केंद्र सरकारचेच कर्मचारी मानले जातात. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण येथे लागू पडते.

दुसरी अडचण नेमणुकांची. अध्यक्ष व सदस्यांची निवड उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती अशा तिघांच्या समितीने सुचवायची असते. ही रचना चांगली आहे. परंतु फेब्रुवारी २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे सुमारे चार वर्षे, अध्यक्षपद रिक्तच होते. ज्या घरात कर्त्या माणसाची जागा इतका काळ रिकामी राहते, तेथे स्वायत्तता कोण जपणार?

तिसरी अडचण उत्तरदायित्वाची. कायद्यात २२ खासदारांची संसदीय समिती आणि श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद अशी दोन अंगे सांगितली होती. ती प्रत्यक्षात उभीच राहिली नाहीत. २०१४ मध्ये सॅम पित्रोदा समितीने खऱ्या स्वायत्ततेसाठी कायदा बदलण्याची, तसेच संस्थेच्या मालमत्तेतून निधी उभारण्याची शिफारस केली. मूळ दुखणे तरीही बरे झालेले नाही.

कोणी म्हणेल, सरकारी नभोवाणी नको तर खाजगी एफएम ऐकावे. परंतु खाजगी एफएम केंद्रांना स्वत:च्या बातम्या देण्याची मुभा धोरणाने दिलेली नाही. ती फार तर आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवू शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘ट्राय’ने तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी असे सुचविले, यावरूनच हे बंधन किती घट्ट आहे ते दिसते. रेडिओवरील बातमीचा मक्ता एकाच संस्थेकडे असेल, तर ती संस्था सर्वांची असणे अधिकच अगत्याचे ठरते.

इंग्लंडमध्ये बीबीसीसाठी दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कुटुंबांनी परवाना शुल्क भरायचे असते. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झाले. तीही पद्धत निर्दोष नाही. श्रीमंत व गरीब यांना सारखाच भुर्दंड पडतो आणि शुल्काचा आकडा शेवटी सरकारशीच ठरवावा लागतो. पण तेथे श्रोता ‘हे माझ्या पैशाचे आहे’ असे म्हणू शकतो. आपणही म्हणू शकतो, कारण अनुदान हा कराचाच पैसा आहे. दुर्दैवाने आपण त्याला सरकारची मेहेरबानी समजतो.

या दुबळेपणाची झळ सर्वांत आधी लहान केंद्रांना आणि प्रादेशिक विभागांना बसते. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाला होता. लोकांनी व लोकप्रतिनिधींनी आवाज उठविल्यावर तो स्थगित करावा लागला. पुण्याला आवाज होता. बीडसारख्या जिल्ह्यावर अशी वेळ आली तर कोण बोलेल? दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. पाऊस, पिकाचा भाव, लसीकरण, शासकीय योजना यांची खात्रीची माहिती त्यांच्या भाषेत देणारे माध्यम जाहिरातदारांना परवडणारे नाही. ते समाजालाच चालवावे लागते.

२०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने प्रसार भारतीच्या आधुनिकीकरणासाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एफएमचा आवाज देशातील ८० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत नेण्याचा तिचा उद्देश होता. मनोरे आणि यंत्रे जरूर हवीत. पण मनोरा केवळ आवाज दूर नेतो, विश्वास निर्माण करीत नाही. त्यासाठी निदान तीन गोष्टी व्हाव्यात : अनुदान पाच वर्षांसाठी आधीच ठरवून दिले जावे, म्हणजे दरवर्षी हात पसरावे लागणार नाहीत, कायद्यातील संसदीय समिती व प्रसारण परिषद यांची स्थापना व्हावी, आणि जिल्हा केंद्रांना स्थानिक बातमीसाठी कायमस्वरूपी माणसे मिळावीत.

आपल्या हाती काय आहे? बीडचे केंद्र ऐकणे, चांगल्या कार्यक्रमाला पत्र लिहिणे, चुकीची बातमी आली तर ती लेखी कळविणे आणि मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला या तीन मागण्यांबद्दल विचारणे. पुन्हा कधी संचारबंदीची रात्र आली, तर त्या छोट्याशा पेटीतून येणारा शब्द खरा मानावा की नाही, हा प्रश्न आपल्या मुलांना पडू नये.