नाजूक त्वचा आणि आईपण

नवी चप्पल चावली की टाचेला फोड येतो. काही माणसांना मात्र सदऱ्याची शिवण घासली तरी फोड येतात. या दुर्मीळ आनुवंशिक विकाराचे नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा. त्याच्या एका प्रकारात त्वचेचा वरचा थर खालच्या थराशी जखडून ठेवणारे प्रथिन, म्हणजे सातव्या क्रमांकाचे कोलॅजेन, सदोष असते किंवा नसतेच. त्यामुळे घासताच दोन्ही थर सुटे होतात.

असा विकार असलेल्या स्त्रीने मूल होऊ देऊ नये, असे लोक सहज बोलून जातात. मला हे मत घाईचे वाटते. अशा अनेक स्त्रिया सुखरूप बाळंत झाल्या आहेत. २०२२ साली या विषयावर तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. दुसरे वैद्यकीय कारण नसेल तर नैसर्गिक प्रसूती करावी, केवळ त्वचेसाठी पोट चिरण्याची गरज नाही, असे ती सांगतात.

हे कसे शक्य होते? या त्वचेला सरळ दाबापेक्षा घर्षणाचा धोका अधिक असतो. म्हणून तिला खाटेवर ओढू नये, सरकवू नये. हातमोज्यांना भरपूर वंगण लावावे. रक्तदाबाचा पट्टा मऊ कापडावर बांधावा आणि चिकटपट्टी दूर ठेवावी. यातले काहीच महागडे नाही.

धोके नाहीत असे मात्र नव्हे. तीव्र प्रकारात अन्ननलिका अरुंद होते, पोषण कमी पडते, रक्तक्षय होतो. त्यावर उपचार गर्भधारणेपूर्वीच सुरू व्हायला हवेत.

आणि बाळाचे काय? विकार प्रभावी जनुकाचा असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. अप्रभावी असेल तर आईकडून एक सदोष जनुक मिळतेच, पण पित्याकडूनही तसेच मिळाले तरच बाळाला विकार होतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. पती असा जवळचा नातेवाईक असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून आधी आनुवंशिकी सल्ला घ्यावा. निर्णय मात्र त्या दांपत्याचाच.

उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका. असा रुग्ण समोर आला तर आधी विचारा, “ताई, तुम्हाला हात कसा लावू?” जन्मभर ती त्वचा सांभाळलेल्या स्त्रीला याचे उत्तर पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असते.