बाटली कपाशीची, कुत्रा घरचा

अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो त्या दिवसांत सायबेरियन हस्कीसाठी एसी लावून बसणारी मंडळी आता अमरावतीतही दिसू लागली आहेत. हौसेला मोल नसते. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक येतो, थंडीत स्वेटर येते. मग एक दिवस त्याच्या कानामागे काहीतरी टम्म फुगलेले हाताला लागते आणि सगळा थाट उतरतो. घरातलाच कोणी जाणता सांगतो, "कृषी केंद्रातून औषध आणा अन् मारा फवारा!" बाटली येते. तिच्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण कुत्र्याला वाचता येत नाही आणि मालक वाचत नाही.

निदान वऱ्हाडात तरी असे व्हायला नको. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशीचे विशेष पथक अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्याच अध्यक्षतेखाली नेमले गेले होते. जे विष धडधाकट माणसाच्या कातडीतून भिनते, ते दिवसभर स्वतःचे अंग चाटणाऱ्या जनावरावर शिंपडायला धाडस लागते. कुत्र्याचे औषध मांजराला लावणारे शूरही आहेतच. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजर जिवानिशी जाते.

बरे, इतके करून गोचीड मरतो का? अंगावरचा मरतो. पण कुत्र्याचा तपकिरी गोचीड अंगावर थोडा आणि घरातच फार राहतो. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते, भिंतीने वर चढते आणि चौकटीच्या फटीत, कूलरच्या मागे हजारो अंडी घालते. पुढच्या प्रत्येक अवस्थेत तिची प्रजा पुन्हा कुत्रा शोधत येते, आणि तो सापडेपर्यंत महिनोन् महिने उपाशी तग धरू शकते. उष्ण हवा तर तिला मानवतेच. पिसवांचीही तीच गत : अंडी, अळ्या, कोष सगळे अंथरुणात आणि सतरंजीत. तेव्हा कुत्र्याला वजनाप्रमाणे पशुवैद्याने दिलेले औषध, अंथरुणाला गरम पाणी आणि भिंतीच्या फटींना सिमेंट, हे तिन्ही एकदमच व्हायला हवे.

आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या अंगावरून हात फिरतो, तेव्हा कान, शेपटीचे मूळ सगळे चाचपून होते. 2022 च्या लम्पीच्या साथीत तर जनावराबरोबर गोठाही स्वच्छ ठेवा, गोचीड-माश्या आवरा, असे गावोगाव सांगून झाले. फ्लॅटमधल्या कुत्र्याच्या पंज्यांच्या बेचक्यांत रोज बोट घालायला मात्र कोणाला सवड नसते. फोटो काढायला असते.

गोचीड नुसते रक्त पीत नाही, कुत्र्याला तापही देतो. खाणे सुटले, अंग तापले, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. रक्त तपासून आजार लवकर कळला, तर डॉक्सिसायक्लिनच्या साध्या गोळ्यांनी बहुतेक कुत्री बरी होतात.