सोळाव्या वर्षी स्कूटर द्यावी का?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच हट्ट सुरू होतो. अकरावीसाठी साखळीला जायचे, शिकवणीला डिचोलीला जायचे, बस वेळेवर मिळत नाही. तेव्हा स्कूटर हवी. अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. तरीही अठरा वर्षे पुरी होण्याआधी मुलामुलींच्या हाती स्कूटर किंवा मोटरसायकल देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्हांला फुकट मिळालेले नाही. एका जून महिन्यात, पहिल्या पावसानंतर, आम्ही सोळा वर्षांच्या एका मुलाला आमच्याच स्कूटरची चावी देऊन साखळीहून मेणबत्त्या आणायला धाडले. मुलगा शहाणा, हात साफ. परत येताना कारापूर तिस्काजवळ रस्त्यात बसलेली गुरे दिसताच त्याने पुढचा ब्रेक आवळला आणि गाडी सरकली. मनगट मोडले, कपाळाला टाके पडले. हेल्मेट आमच्या खुंटीला होते. त्याची आई आम्हांला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या मुलाला गाडी चालवता येत नव्हती असे नाही. फसगत तिथेच होते. बिनगियरची स्कूटर तासाभरात हाताखाली येते, पण रस्ता वाचणारी नजर यायला वर्षे लागतात. पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिसळून डांबर निसरडे होते, अशा वेळी पुढचा ब्रेक एकदम आवळू नये, हे पुस्तकात वाचून अंगी येत नाही. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. खोंडाला कोणी पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपतो का? आधी ओंडका ओढायला लावतात, मग सवयीच्या जुन्या बैलासोबत रिकामी गाडी, आणि ओझे त्यानंतर. वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो, आणि दुचाकीवर तो जोर झेलायला आपल्या अंगाशिवाय दुसरे काही नसते. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरची शंभरात चव्वेचाळीस होती.

कायदाही पालकांनी नीट समजून घ्यावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा या वयात, पालकाच्या लेखी संमतीने आणि परवाना काढून, फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगियरची दुचाकी चालवता येते. पूर्वीची लुना त्यात बसे. आज दारोदार दिसणारी स्कूटर शंभर सीसीच्या वरची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. वरच्या प्रसंगात मालक आम्ही होतो.

हट्ट मुलांचा असे आपण म्हणतो. पण दळण, मासळी, आजीचे औषध, काजूच्या मोसमात बागेत पोचवायचा डबा, या कामांना त्यांना गाडीवर पिटाळतो कोण?

एका वाड्यावरची चार मुले शिकवणीला जात असतील तर पालकांनी पाळीपाळीने त्यांची ने-आण करावी. बसच्या वेळांचा प्रश्न ग्रामसभेत मांडावा. आम्हीही सोबत येऊ. अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना काढून आधी मोकळ्या मैदानावर ब्रेक शिकवावेत, कोरड्या जमिनीवर आणि ओल्याही. पहिले वर्षभर काळोखात आणि जोरपावसात गाडी नको, मागे कोणाला बसवणेही नको. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला आहे की नाही हे घरातल्या मोठ्याने दारातच पाहावे. आणि अपघात झालाच, तर जखमीला दुसऱ्या स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. १०८ ला फोन करावा.